कोर्ट उठेपर्यंत

पहिल्या वेळी माझं कोर्टातलं काम वीस मिनिटांत आटोपलं होतं. डिसेंबर २०२२. वकिलांनी आधीच समजावून ठेवलेलं, पुकारा झाला की पुढं व्हायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि घर गाठायचं. मोटार वाहन कायदा, कलम १८५, दारू पिऊन गाडी चालवणं. दहा हजार रुपये दंड झाला. पावती शर्टाच्या खिशात घालून मी बाहेर आलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि त्याच रात्री परत प्यायलो. हे लिहिताना लाज वाटते. पण हे लपवलं तर पुढचं सगळंच खोटं ठरेल.

माझी पिकअप आहे. तासगावच्या बाजूला जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम असतो, त्या चार महिन्यांवर आमचं वर्ष चालतं. बागेतून क्रेट उचलायचे, बेदाणा शेडवर किंवा कोल्ड स्टोरेजला पोचवायचे, रिकामे क्रेट परत आणायचे. एका रात्रीत तीन-तीन खेपा होतात. झोप नसते, रोख पैसे हातात असतात आणि ढाबे उघडे असतात. माझ्यासारखे सगळेच ड्रायव्हर पितात असं म्हणणार नाही. पुष्कळ जण पीत नाहीत. मी पीत होतो.

त्या पहिल्या दिवशी लायसन्सचा विषय कोणी काढलाच नाही. नंतर वकिलांनी कायद्याचं पुस्तक उघडून कलम २० दाखवलं. १८५ खाली शिक्षा झाली तर कोर्टानं त्या माणसाला किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं. करायचंच असतं, असा शब्द आहे. तरी माझं लायसन्स माझ्या पाकिटात राहिलं. शेकडो केसेस, एक टेबल, एक साहेब, त्यात एखादी ओळ सुटते. मी कोणाला दोष देत नाही. प्यायलो मी, चावी फिरवली मी. पण त्या दिवशी लायसन्स गेलं असतं तर दुसरी वेळ आली असती का, हा विचार डोक्यातून जात नाही.

दुसरी वेळ आली जानेवारी २०२५ मध्ये. रात्री पावणेबारा. रिकामे क्रेट घेऊन सांगलीकडे येत होतो. वळण घेतलं आणि समोर बॅरिकेड. हवालदारांनी माझ्यासमोर नवी नळी पाकीट फाडून बाहेर काढली, मशीनला लावली. "फुंका. अजून. थांबायचं नाही." मशीननं आवाज केला. १६८. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा होतो, मी १६८ वर होतो. आणि त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की मी व्यवस्थित आहे, गाडी सरळ चाललीय. मशीनच्या चिठ्ठीवर सही करताना माझं आडनाव रेघेच्या खाली उतरलं. ती सही पुढं कोर्टाच्या कागदात दर तारखेला दिसायची.

गाडी चौकीसमोर लावून घेतली. मी दादाला फोन केला. तो मोटरसायकलवर आला. माझ्याशी बोलला नाही. पिकअपच्या मागची ताडपत्री एका बाजूनं सुटली होती, ती त्यानं ओढून नीट बांधली, दोरीला दोनदा गाठ मारली, आणि मग म्हणाला, "बस मागं."

वकिलांचा या वेळचा आवाज वेगळा होता. दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय म्हणाले, कल्याणीनगरनंतर हवा बदललीय. त्यांचा रोख पुण्याच्या प्रकरणाकडे होता. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीनं मोटरसायकलवरची दोन तरुण मुलं मारली, आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. तो निबंध सगळ्या देशाच्या लक्षात राहिला. त्याच अटींमध्ये व्यसनमुक्तीचं समुपदेशनही होतं, ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. लोकांचा संताप खरा होता, दोन घरांतली मुलं गेली होती. पण तेव्हापासून कोर्टात 'सुधारण्याची संधी' असं नुसतं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला निबंध आठवतो. वकील म्हणाले, "आता आपण काही मागायचं तर कागदानिशी मागायचं."

मार्चमध्ये तारीख लागली. मी गुन्हा कबूल केला. वकिलांनी केस लढवूया का असं विचारलं होतं, मशीनच्या तपासणीच्या तारखा वगैरे काढता येतात म्हणाले. मी नको म्हटलं. त्यात मोठेपणा काही नाही, मला दर तारखेला बायकोचा चेहरा बघवत नव्हता.

पोलिसांच्या कागदात मागची शिक्षा लिहिलेली होती. साहेबांनी पान उलटलं, वर बघितलं.

"मागच्या वेळी दहा हजार भरलेत?"

"हो साहेब."

"मग त्याचं काय झालं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचत नाही. दहा हजार म्हणजे हंगामातल्या काही खेपा. एक आठवडा ओढाताण झाली आणि विसरलो. दंड खिशातून गेला, बाटली जागेवर राहिली.

शिक्षेबद्दल दोन्ही बाजू बोलल्या. सरकारी वकील म्हणाले, दंडानं फरक पडत नाही हे याच आरोपीनं सिद्ध केलंय, किमान तीन महिने आत पाठवा, रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही कळेल. मला राग आला नाही, कारण त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आमच्या वकिलांनी घर, म्हातारी आई, दोन मुलं, गाडीचा हप्ता सांगितला आणि १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली अहवाल मागवावा असा अर्ज दिला. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन. गुन्हा सिद्ध झाला तरी माणसाला आत न पाठवता बंधपत्र घ्यायचं, आणि हवं तर किमान एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवायचं. वागणूक बिघडली तर परत बोलावून शिक्षा द्यायची.

साहेब दोन मिनिटं गप्प होते. मग अहवाल मागवला आणि पुढची तारीख दिली. घरी गेल्यावर बायकोनं एक पिशवी भरून कपाटाच्या वर ठेवली. चादर, टॉवेल, दोन बनियन, साबण. ती पिशवी तीन महिने तिथंच होती. रोज सकाळी दाढी करताना आरशात मागं दिसायची. तुरुंगाची भीती कामाची नाही असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ती पिशवी तिथं नसती तर मी पुढची एकही पायरी चढलो नसतो.

परिविक्षा अधिकारी आपल्याकडे महिला व बाल विकास विभागात बसतात, हे मला ठाऊक नव्हतं. पोलीस ठाण्यासारखं काही असेल म्हणून गेलो, तर भिंतीवर पोषण आहाराचं पोस्टर आणि बाकावर एक बाई कडेवर मूल घेऊन बसलेली. मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. त्यांच्या टेबलावर फायलींचे दोन ढीग होते, त्यातल्या बहुतेक लहान मुलांच्या असाव्यात. मला वाटलं, आता उपदेश होणार. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "दिवसातला पहिला घोट किती वाजता?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आईनं रडून दाखवलं होतं, दादानं दोनदा कानाखाली दिली होती, बायकोनं शपथा घातल्या होत्या. पहिल्या वेळी पोलीस, वकील, कोर्ट सगळे मला भेटले, पण कितीला सुरू करतोस असं कोणी विचारलं नाही. मी खोटं बोलणार होतो, संध्याकाळी म्हणणार होतो. तोंडातून खरं निघालं. "हंगामात सकाळी सहाला. हात थरथरतात, स्टिअरिंग धरवत नाही म्हणून."

त्यांनी लिहून घेतलं, मान वर न करता. मग पुढचं. रात्री चाव्या कुठं ठेवता? शेवटचं न पिता किती दिवस राहिलात? हप्ता कोण भरतं? झोपेत ओरडता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बायकोला माहीत होतं, मला नव्हतं.

एक दिवस त्या घरी आल्या. शेजाऱ्यांकडे बसल्या, शेडच्या मालकाला भेटल्या, शाळेतही जाऊन आल्या. मुलगी नववीत आहे. तिच्याशी अंगणात बोलल्या, मी आत होतो, पण खिडकी उघडी होती. पप्पा प्यायलेत हे कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. पोर म्हणाली, "एरवी पप्पा गल्लीच्या तोंडाला हॉर्न देतात, मग मी गेट उघडते. प्यायलेले असले की हॉर्न देत नाहीत. स्वतः उतरून उघडतात. मग मी झोपलेय असं दाखवते."

मला वाटायचं, घरात कोणाला कळत नाही. मी हॉर्न न देता, आवाज न करता येत होतो, ते त्यांची झोप मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो.

मॅडमनी मला सिव्हिलच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली. "अहवाल मी जे दिसेल ते लिहिणार. तुम्ही जा किंवा नका जाऊ, तेही लिहिणार." मी गेलो. पहिले पाच दिवस भरती होतो. घाम, थरथर, दुसऱ्या रात्री भिंतीवर क्रेट रचलेले दिसत होते, एकावर एक, आणि मी ते मोजत होतो. डॉक्टर म्हणाले, बरं झालं एकदम घरी सोडली नाही, रोज पिणाऱ्यानं औषधाविना अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा माझ्या मनात आलं, त्या मार्चच्या तारखेला मला थेट आत पाठवलं असतं तर हीच रात्र मी बराकीत काढली असती. तिथंही डॉक्टर असतात. पण माझा थरथरणारा हात कोणी किती लवकर बघितला असता?

त्यानंतर गोळ्या, दर पंधरा दिवसांनी ओपीडी, आणि बुधवारी-शनिवारी शाळेच्या एका वर्गात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची. पहिल्या चार मीटिंगांत मी नुसता बसलो. पाचव्यांदा उभा राहिलो आणि म्हणालो, मी मद्यपी आहे. पुढं बोलता आलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकानं चहाचा कप पुढं सरकवला. मे महिन्यात एकदा घसरलोही. पुतण्याच्या साखरपुड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी तेही अहवालात लिहिलं, तारखेसह.

जूनमध्ये शिक्षेची तारीख आली. अहवाल सहा पानांचा होता. वकिलांनी प्रोबेशन मागितलं, सरकारी वकील उठले आणि त्यांनी एक मुद्दा काढला, त्यावर अर्धा तास गेला. परिविक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे लागणारी अपात्रता लागत नाही. म्हणजे नोकरी-बिकरी वाचावी म्हणून केलेली ही सोय. पण इकडं मोटार वाहन कायदा म्हणतो, १८५ ला किमान सहा महिने लायसन्स काढाच. मग याला प्रोबेशन दिलं तर हा उद्या सकाळी गाडी घेऊन रस्त्यावर, असा त्यांचा मुद्दा. आमचे वकील म्हणाले, ती अपात्रता वेगळी आणि ही वेगळी. साहेबांनी दोन्ही पुस्तकं समोर उघडी ठेवली होती.

मला त्या अर्ध्या तासात एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून ती खुपते. माझ्यासारख्याला दोन्ही हवं असतं. हातातलं स्टिअरिंग निघायला हवं आणि कोणीतरी वर्षभर विचारत राहायला हवं, कितीला सुरू केली, आज काय झालं. या दोन गोष्टी एकाच हुकमात सरळ बसवताना इतका काथ्याकूट व्हावा, हे मला पटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. दारू पिऊन रस्त्यात पायी धिंगाणा घातला तर चोवीस तासांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड, किंवा समाजसेवा. तोच माणूस दारू पिऊन दोन टनांची गाडी घेऊन त्याच रस्त्यावर आला तर त्याच्या कलमात समाजसेवा नाही. कैद आणि दंड, एवढंच.

साहेबांनी हुकूम वाचला. प्रोबेशन नाही. कोर्ट उठेपर्यंत साधी कैद, पंधरा हजार दंड, आणि एक वर्ष कोणतीही गाडी चालवायला अपात्र. लायसन्स तिथंच जमा, आरटीओला कळवायचं. वाचून झाल्यावर साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, गुन्हा लहान म्हणून नव्हे, अहवालात जे तीन महिने दिसले त्यासाठी. तिसऱ्या वेळी मी अहवाल मागवणार नाही. आणि या वर्षात स्टिअरिंगला हात लावला तर तो वेगळा गुन्हा, हे लक्षात ठेवा.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सुटल्यासारखंच वाटेल. मलाही वाटलं. सव्वाबारा वाजले होते. शिपायानं मागच्या बाकाकडं बोट दाखवलं. मोबाईल बंद करून घेतला. साहेब उठेपर्यंत तिथून हलायचं नाही, कोर्टाच्या नजरेसमोर राहायचं. पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून क्लार्कनं त्यावर स्टॅपलर ठेवला होता. एक-एक केस पुकारली जात होती. चेकच्या केसेस, बांधावरची भांडणं, पोटगी.

साडेबाराच्या सुमारास एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. साठीच्या पुढची, नऊवारी, हातात वायरची पिशवी. पिशवी तिनं आम्हा दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर होतं, वरच पोराचा फोटो, लग्नातला, बाशिंग बांधलेला. ती आपणहून बोलायला लागली, हळू आवाजात, साहेबांकडं बघत. पोरगं साखर कारखान्यात रात्रपाळीला होतं. पहाटे येताना टेम्पोनं उडवलं. टेम्पोवाला प्यायलेला होता. चार वर्षं झाली, ती प्रत्येक तारखेला येते. सूनबाई माहेरी गेली, नातू तिच्याकडं आहे.

कलम ३०४ अ, हे मला तोवर पाठ झालं होतं. निष्काळजीपणानं मृत्यू, जुन्या दंडसंहितेत जास्तीत जास्त दोन वर्षं. माझ्या दुसऱ्या वेळेलाही जास्तीत जास्त दोन वर्षं. मी कोणालाही धक्का लावला नव्हता आणि तिचं पोर गेलं होतं, पण पुस्तकात दोन्हीसमोर तोच आकडा. नव्या संहितेत मृत्यूच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत केलंय, पण चार वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याला ते लागत नाही.

मग तिनं विचारलं, "तुमी कुनाकडचं?"

साक्षीदार असेन, कोणाचा तरी भाऊ असेन, असं तिला वाटलं असावं. मी खोटं बोलू शकलो असतो. "माझीच केस होती, आज्जी. दारू पिऊन गाडी चालवली. दुसऱ्यांदा."

ती काही बोलली नाही. तिनं मधली पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. सरकली नाही. बाकावर आमच्या मध्ये पिशवीएवढी जागा तशीच राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर गेली, मी बसून होतो. तीन वाजता तिची केस पुकारली. टेम्पोवाला आलाच नव्हता, त्याच्या वकिलांनी गैरहजेरीचा अर्ज दिला, पुढची तारीख पडली. ती उठली, तारीख दोनदा विचारून घेतली, आणि दाराकडं जाताना माझ्या समोरून गेली. मी मान खाली घातली होती, मला फक्त तिच्या चपला दिसल्या.

साहेब पावणेसहाला उठले. सगळे उभे राहिले, मीही. शिपाई म्हणाला, "जा आता." दंड दुपारीच दादानं नाझरकडे भरला होता, पावती त्याच्या हातात होती. बायको कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून होती, सकाळपासून.

नंतर मी वकिलांकडून काही निकाल समजून घेतले. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला प्रोबेशनची सवलत नको, ड्रायव्हरला धाक राहिलाच पाहिजे. मुंबईत कार्टर रोडला २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर गाडी गेली, सात मेले. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले, उच्च न्यायालयानं ते तीन वर्षं केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम ठेवले. त्याच वर्षी दिल्लीच्या लोधी कॉलनीच्या प्रकरणात, जिथं १९९९ मध्ये सहा माणसं मेली होती, त्याच न्यायालयानं भोगलेली दोन वर्षं पुरेशी धरून पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवा सांगितली. त्या सहा घरांना ते कसं वाटलं असेल, हे मी त्या बाकावर बसण्याआधी मनात आणलं नसतं. तेव्हा मी फक्त माझ्या बाजूनं वाचलं असतं, की बघा, त्यालाही सोडलं.

म्हणून मी जे म्हणतोय ते फक्त माझ्यासारख्यांपुरतं आहे. ज्यांनी अजून कोणाला मारलेलं नाही, पण दुसऱ्यांदा पकडले गेलेत आणि तिसऱ्यांदा कोणाच्या तरी पोराला उडवणार आहेत. यांना पंधरा हजारात सोडू नका. पहिल्याच वेळी लायसन्स काढून घ्या आणि पहिल्याच वेळी कोणीतरी विचारा, दिवसातला पहिला घोट किती वाजता. माझ्या बाबतीत तो प्रश्न येईपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात गाडी घेऊन मी किती रात्री किती वस्त्यांतून गेलो, याचा हिशोब मी एकदा वहीत मांडायला बसलो होतो. अर्ध्यावर सोडला.

हुकमानंतर मी मॅडमना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "प्रोबेशन झालं नाही, त्यामुळं माझं काम कायद्यानं संपलं. तुम्ही यायलाच हवं असं नाही." मी उभाच होतो. मग म्हणाल्या, "महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ऑफिसातच असते." तेव्हापासून मी पहिल्या सोमवारी जातो. कोणत्या रजिस्टरमध्ये सही नसते. कधी त्या मीटिंगमध्ये असतात, तर बाकावर अर्धा तास बसून येतो. त्यांच्यावर आधीच एवढ्या पोरांची जबाबदारी, त्यात माझी भर, हे मला कळतं. कायद्यानं हे काम कोणाचं तरी असायला हवं होतं.

यंदाचा हंगाम पुतण्यानं ओढला. गाडी तो चालवतो, त्याला रोज आठशे रुपये देतो, मी शेजारी बसतो. डाव्या बाजूनं रस्ता वेगळाच दिसतो. कडेनं चालणारी माणसं किती जवळून जातात, ते चालवताना कधी दिसलं नव्हतं. ऊस तोडणाऱ्यांची पोरं पहाटे चारला रस्त्याच्या कडेला शेकोटीपाशी बसलेली असतात, चाकापासून दोन हातांवर. हंगामातली कमाई निम्म्यावर आली, हप्त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मे मधल्या त्या साखरपुड्यानंतर आजपर्यंत घेतलेली नाही. एवढंच सांगतो, उद्याचं सांगत नाही. मीटिंगमध्ये तसं शिकवतात.

जूनमध्ये वर्ष पुरं होईल. लायसन्सचं काय करायचं ते परवा रात्री जेवताना निघालं. बायकोनं एवढंच विचारलं, "चावी कुणाकडं राहणार?"

"तुझ्याकडं," मी म्हटलं.

"मग हंगामात पहाटे तीनला मला उठवावं लागंल तुम्हाला. आधी माझ्यासमोर उभं राहायचं, मगच चावी."

"उठवीन," मी म्हटलं. तिनं ताटात भाकरी वाढली.